दैवानै अक्काचं घर उचललं तेव्हा

मडिपाक्कममध्ये दैवानै अक्का आणि तिच्या नवऱ्यानं घर बांधलं तेव्हा रस्त्यावरून आत जायला तीन पायऱ्या चढाव्या लागत. मी ते घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तीन फूट खाली उतरावं लागत होतं. घर खचलं नव्हतं. रस्ता चढला होता. जुन्या डांबरावर नवं डांबर, आणि भातखाचरांच्या जागी चारमजली इमारती, प्रत्येकीचं जोतं शेजारणीपेक्षा वर. चेन्नईत नोकरी लागलेल्या प्रत्येकाला इथंच राहायचं होतं. त्या सगळ्यांचं पाणी अक्काच्या स्वयंपाकघरात उतरायचं.

नवरा गेल्यावर ती इडलीचं पीठ दळून गल्लीला विकायची. चेन्नईचा मोठा पाऊस दिवाळीच्या सुमारास येतो; एका वर्षी त्या पावसात पाणी छातीपर्यंत चढलं. दोन दिवस ती माळ्यावर बसून होती.

"आवाज नसतो रे त्याला," ती मला म्हणाली. "खाली बघावं तर आणखी एक डबा बुडालेला."

तेव्हापासून आभाळ भरलं की ती आडवी होत नसे. बिल्डर जागा मागत होता. तिनं त्याला दारातून परत पाठवलं आणि आम्हाला बोलावलं.

मी सव्वीस वर्षं घरं उचलली. भिंतीखाली खणायचं, लोखंडी तुळया सरकवायच्या, त्यांच्याखाली जॅक लावायचे. मुकादमानं हाक दिली की सगळ्यांनी आपापल्या जॅकना पाव फेरा द्यायचा. पावाचा अर्धा झाला तर भिंत तडकते. जुनी जमीन खालीच राहते, फक्त भिंती आणि छप्पर वर जातं. जमीन मागून भरून घेतात.

काम चालू असताना आत कोणी थांबत नाही. अक्का थांबली. पीठ दळायच्या यंत्राशेजारी स्टूल टाकून बसली.

"अक्का, बाहेर या," मुकादम सर्गुणम म्हणाला. "तिकडं झाडाखाली बसा."

"मी बाहेर गेले की तुम्ही चहाला जाल."

"भिंत पडली तर?"

"मग तू नीट उचल. त्यासाठीच आलायस ना?"

पुढच्या दाराशी तुळया आडव्या होत्या. बाहेर पडायला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातलं मागचं दार तेवढं उरलं होतं. त्या कोपऱ्याचे पाच जॅक माझ्याकडे. कामावर प्रत्येकाला नंबर असे, माझा आठ. आम्ही अठरा जण होतो. त्यातले अकरा बिहारचे, दणकट आणि शिस्तीचे. आमच्या तमिळमधले कामापुरते चार शब्द त्यांना येत. उचल म्हणजे 'एत्तु', हा त्यातला पहिला, आणि मुकादमाची हाकही हीच.

तिसऱ्या दिवशी दीड फूट झालं होतं. माझ्या कडेच्या जॅकच्या बुडाखालची पाटी चिखलात रुतायला लागली. मला दिसायच्या आधी सर्गुणमला दिसली. मला सावध करायला तो ओरडला, "एट्टु!"

एट्टु म्हणजे आठ. भिंतीपलीकडच्यांनी 'एत्तु' ऐकलं. माझ्याखेरीज सगळ्यांनी पाव फेरा दिला.

डोक्यावर बंदुकीसारखा आवाज झाला. माझ्या पाचही जॅकच्या माथ्यावर फट पडली. मागचा कोपरा कशावरच टेकलेला नव्हता.

"निल्लु!" सर्गुणम किंचाळला. थांबा. हा शब्द सगळ्यांना कळला. कोणी दांड्यावरचा हातही काढला नाही.

"कदिर्वेल," आतून अक्कानं मला हाक मारली, "मागच्या दाराच्या वर चीर पडलीय. बोट जाईल एवढी."

"दाराकडे येऊ नका. आहात तिथंच बसा."

"बसलेच आहे रे. यंत्राला धरून."

चार जॅक वर फिरवून मी फटी भरल्या. हळू, दात आवळून. पाचवा फिरवला की खालीच जाई. तो काढायचा, चिखल उपसायचा, रुंद फळी घालायची आणि तो पुन्हा बसवायचा. त्यासाठी तुळईखाली खांद्यापर्यंत शिरावं लागलं. मानेवर चुन्याची पूड पडत होती. फळी सरळ आहे का ते बघायला मी दोनदा थांबलो. घाई केली असती तर फळी तिरकी बसली असती.

"चीर वाढतेय का, अक्का?"

आत स्टूल सरकल्याचा आवाज आला.

"अक्का!"

"नाही. तू बोलू नकोस. काम कर."

पाचव्यानं भार घेतला तेव्हा लाकूड करकरलं. मग आवाज थांबला. मी बाहेर आलो. सर्गुणम खाली बसला होता. त्या दिवशी तो पुन्हा हाक देणार नव्हता. बिहारी मंडळी खाली मान घालून उभी होती. त्यांची चूक नव्हती. माणसांना नंबर आम्हीच दिले होते.

अक्का मागच्या दारातून स्वतःहून बाहेर आली. पदर तोंडावर होता.

"उद्या करू," मी म्हणालो. "किंवा इथंच थांबवू."

"दीड फुटावर? पाणी छातीपर्यंत येतं. मी परत माळ्यावर जाऊन बसू?"

मी कोपऱ्यावरच्या दुकानातून शिट्टी आणली. एक शिट्टी, पाव फेरा. बोलायचं कोणीच नाही.

अक्का झाडाखाली घराकडे पाठ करून बसली. प्रत्येक शिट्टीला तिचे खांदे दचकत होते. दोन दिवस ती तशीच येऊन बसली, एकदाही वळली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घर रस्त्याच्या वर आलं. आम्ही दांडे खाली ठेवले.

मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिनं डोळे घट्ट मिटले होते.

"आहे का रे?" तिनं विचारलं.

"आहे, अक्का."

"सगळं?"

"सगळं."

तरी ती बराच वेळ उठली नाही.