ओठ अडकत होते

मला संगणकावर राग काढायची सवय आहे. माणसांवर काढत नाही असं नाही, त्यांच्यावरही काढतो. पण संगणक उलटून बोलत नाही. त्या रविवारी मात्र तो बोलत होता आणि सकाळपासून एकच वाक्य बोलत होता. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं: या ड्रायव्हरला चालेल असं कार्ड सापडलं नाही. अरे, सापडलं नाही म्हणजे? कार्ड तुझ्याच पोटात आहे, मीच बसवलंय! नऊ वाजले होते. अकोल्यातल्या आमच्या घरात आई माझ्यामागे खुर्ची टाकून बसली होती. दुपारी तीन वाजता माझी धाकटी बहीण गुजरातेतून व्हिडिओवर येणार होती आणि साडेअकरा ते अडीच भारनियमन होतं. म्हणजे आत्ताचे अडीच तास आणि नंतरचा अर्धा, एवढंच काय ते हातात.

"झालं काय रे?" आई दर पाच मिनिटांनी विचारायची.

"थांब ना वं," मी पडद्याकडे तोंड करूनच म्हणालो. लगेच खांद्यावर टपली बसली.

"इकडं पाहून बोल, भैताडा. तुयी पाठ नाई वाचता येत मले."

आईला ऐकू येत नाही. धाकटी चार वर्षांची होती तेव्हा आईला मोठा ताप आला, तो उतरला आणि जाताना कान घेऊन गेला. तेव्हापासून ती ओठ वाचते. समोर तोंड करून, तोंडात घास नसताना बोललात की तिला सगळं कळतं. तुम्ही गिळलेलंही कळतं. फोन मात्र तिच्या उपयोगाचा नाही. म्हणून धाकटीचं लग्न झाल्यापासून दर रविवारी फोन मी कानाला लावायचो आणि आई माझ्या तोंडाकडे बघत बसायची. धाकटी दहा मिनिटं बोलायची, मी आईला सांगायचो, "बरी आहे म्हणते."

"दहा मिनटं बोलली अन् एवढंच?"

"एवढंच."

खोटं कशाला सांगू, मला कंटाळा यायचा. भाजी काय केली, पाणी किती वाजता येतं, शेजारीण कशी आहे, हे सगळं परत ओठांनी कोण दळत बसणार? मी अर्ध्याचं पाव करून सांगायचो. आईला ते कळत होतं. धाकटी पोळ्याला आली नाही, दिवाळीला आली नाही, सुट्टी नाही म्हणाली, तेव्हा आईनं धरून ठेवलं: "पोट्टी बरी नाई."

"अवं, मी ऐकतो ना तिचा आवाज दर रविवारी."

"तू आवाज आयकतं. म्या तिचं तोंड नाई पाह्यलं चार महिने."

यावर मी विषय बदलायचो, कारण ते लग्न मी जुळवलं होतं. त्या वर्षांत आमच्याकडे शेतकऱ्याला मुलगी द्यायला कोणी धजत नव्हतं. पेपर उघडला की रोज कुठल्या तरी शेतकऱ्याची आत्महत्या. वरूडचं एक स्थळ आलं होतं, संत्र्याची बाग, मुलगा हसरा, आईला फार आवडला होता. मी म्हणालो, बाग उद्या वाळली तर? मला नोकरीवालाच पाहिजे होता. शेवटी धामणगावकडचं घर मिळालं. मुलानं वाटणीची शेती मक्त्यानं, म्हणजे वर्षाच्या ठोक भाड्यानं, देऊन टाकली होती आणि गुजरातेतल्या एका कारखान्यात सुपरवायझर झाला होता. क्वार्टर, महिन्याच्या महिन्याला पगार, लॅपटॉपसुद्धा. मी कॉलर ताठ करून सगळ्यांना सांगत सुटलो होतो. आई तेव्हा एकदाच म्हणाली होती, "पोरगं हासत नाई रे बापू." मी ते हसण्यावारी नेलं.

तर व्हिडिओची कल्पना माझीच. मी अमरावतीला संगणक दुरुस्तीच्या दुकानात काम करतो, शनिवारी संध्याकाळी बडनेऱ्याहून गाडी पकडून घरी येतो. घरचा संगणक मी जुन्या सुट्या भागांतून जोडलेला आणि त्यावर फुकट मिळणारं लिनक्स घातलेलं, कारण चोरीचं विंडोज वापरायचं नाही असा माझा बाणा. दुकानातले हसतात. हसू देत. ब्रॉडबँड घेतलं, कॅमेरा लावला आणि आधीच्या रविवारी पहिल्यांदा धाकटी पडद्यावर आली. आली, पण कशी! तोंड "आ" करून थांबलेलं, मग एकदम मिटलेलं, मग मान दुसरीकडे. आवाज नीट येत होता, चित्र मात्र ठेचकाळत होतं. आई पुढे सरकत सरकत काचेला नाक लागेपर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पापणी लववेना.

"ओठ अडकून रायले रे," ती म्हणाली. "काईच नाई लागून रायलं हाती."

दहा मिनिटांनी ती उठली आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. मी धाकटीला म्हटलं, पुढच्या रविवारी तीन वाजता, नक्की. कॉल बंद केला आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

आठवडाभर शोधलं तेव्हा कळलं, चित्र दाखवणारं कार्ड कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललं होतं. कार्ड बनवणाऱ्या कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर घातला की चित्र सुरळीत होईल. आईनं विचारलं, डायवर म्हणजे काय? मी सांगितलं, कार्ड काय बोलतं ते संगणकाला समजावून सांगणारा दुभाषा.

"म्हंजे तुयासारखा. अर्धंच सांगते तो."

ड्रायव्हरची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, खिशात घालून गाडीत बसलो आणि शर्टाचा खिसा अकोल्यापर्यंत दहादा चाचपला.

आणि आता हे. आधी ड्रायव्हर म्हणाला, चित्रांचा डेस्कटॉप चालू असताना मला बसवता येत नाही. तो बंद करून नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर आलो. मग म्हणाला, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, जोडफाइली नाहीत. त्या आणल्या. मग हे शेवटचं पालुपद. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच. माउस आपटला. उठलो, पाणी प्यालो, बसलो, परत उठलो. आई नुसती बघत होती. दहा वाजून गेले.

मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी कपाळावर हात मारला. मी ड्रायव्हर घेतला होता कार्डाच्या खोक्यावरचा नंबर बघून. आमच्या धंद्यात जुनं कार्ड आलं की जे खोकं मोकळं असेल त्यात घालतात. कोणतंही कार्ड, कोणतंही खोकं. हे काम दुकानात रोज मीच करतो, स्वतःच्या हातानं, आणि घरी येऊन त्याच खोक्यावर विश्वास ठेवला! असला शहाणा शोधून सापडणार नाही.

संगणकाचा डबा उघडला. आतमध्ये कूलरच्या ओलीनं बसलेली धूळ, तिचा चिखल होऊन वाळलेला. कार्ड काढून आईच्या पदरानं पुसलं, तिनं पदर ओढून घेतला, मग स्वतःच दुसरं टोक दिलं. त्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा बारीक नंबर मला दिसेना, तो आईनंच वाचून दाखवला. कार्ड मला वाटलं होतं त्याहून बरंच जुनं निघालं. कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनं त्या पिढीला केव्हाच वाळीत टाकलं होतं. त्यासाठी जुन्या मालिकेतला वेगळा ड्रायव्हर लागत होता. कार्ड परत बसवून तो नेटवरून उतरवायला लावला. एक टक्का. दोन टक्के. मी खोलीत येरझारा घालत होतो.

"बस ना रे बापू, फरशी झिजते."

सव्वाअकराला फाइल आली. जुना ड्रायव्हर बसला, शहाण्यासारखा. आता संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइली नव्यानं बांधायच्या होत्या, दोन-चार मिनिटांचं काम. आज्ञा दिली. ते चाललं असतानाच पंखा मंदावला आणि पडदा विझला. साडेअकरा. बाकी काही वेळेवर होत नाही आमच्याकडे, पण लाइट जायची वेळ एका मिनिटानं चुकायची नाही. यूपीएस होता. त्याची बॅटरी उन्हाळ्यातच मेली होती आणि मी अख्ख्या अमरावतीच्या बॅटऱ्या बदलत फिरत होतो!

पुढचे तीन तास मी कसे काढले ते मलाच माहीत. अर्धवट बांधलेल्या फाइली म्हणजे संगणक आता धड जुनाही नाही, धड नवाही नाही. कागदावर आज्ञा लिहून काढल्या, खोडल्या, परत लिहिल्या. आईनं भाकरी आणि पिठलं वाढलं, स्वतः मात्र भूक नाही म्हणाली. वेणी घातली, लुगडं बदललं, काळ्या पडद्यासमोर येऊन बसली.

"वरूडचं सांगत होती तवा म्या..." तिनं सुरुवात केली.

"आता ते उकरून काय फायदा?" मी ओरडलो. ओरडलो काय आणि पुटपुटलो काय, तिला सारखंच. पण तोंड तिच्याकडे होतं, त्यामुळे सगळं पोचलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. मला फार वाईट वाटलं आणि मी पुन्हा कागदात डोकं घातलं.

लाइट आली तेव्हा घड्याळात अडीच वाजून आठ मिनिटं झाली होती. बटण दाबलं. काळा पडदा, वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतेय, बाकी काही नाही. परत बंद, परत सुरू, यादीतून लिनक्सचा आधीचा जुना गाभा निवडला, दुरुस्तीच्या वाटेनं आत शिरलो. कामचलाऊ ड्रायव्हरला आधी दार बंद केलं, नाहीतर तो कंपनीच्या ड्रायव्हरच्या आधी घुसून बसतो. फाइली पुन्हा बांधल्या. या वेळी बांधून झाल्या. तीनला पाच कमी. सुरू केलं.

पडदा आला. खिडकी धरून इकडून तिकडे ओढली, कशी लोण्यासारखी सरकली! मी टाळी वाजवली. आईनं टाळी पाहिली आणि हसली, त्या दिवसातलं पहिलं हसू.

तीन वाजता धाकटी आली. एकदम स्वच्छ. डोळ्यांची उघडझाप दिसत होती, कपाळावर आलेली बट दिसत होती, ओठ माणसाचे हलतात तसे हलत होते. पण आवाज नाही! आता हे काय नवीन? स्पीकरची वायर बघायला मी टेबलाखाली शिरलो. वायर ठीक होती. मग समजलं: नव्या ड्रायव्हरमुळे कार्डावरची टीव्हीची खोबणीही जागी झाली होती आणि संगणक सगळा आवाज तिकडे पाठवत होता, जिथं काहीच जोडलेलं नव्हतं. म्हटलं, दोन मिनिटं थांबा गं दोघी. डोकं बाहेर काढलं तर आई थांबली नव्हती. ती बोलत होती आणि तिचाही आवाज येत नव्हता. आई एरवी एवढ्या मोठ्यानं बोलते की शेजारचे खिडकीत येतात. आता नुसते ओठ हलत होते. लहानपणी बाबा दुपारचे झोपले की या दोघी अशाच बोलायच्या, तासन् तास, आवाज न काढता.

मी आईचा दंड धरला. तिनं माझ्याकडे तोंड केलं आणि तसंच, बिनआवाजाचं काहीतरी म्हणाली. मला कळेना. तिनं परत म्हटलं. मी मान हलवली. इतकी वर्षं मी या बाईसमोर बोलतोय, तिच्या ओठांकडे मी कधी बघितलंच नव्हतं. तिसऱ्यांदा तिनं एकेक शब्द सुटा केला, जसं आम्ही तिच्यासाठी करतो.

मारते. नवरा. आत बसला. फोन त्याच्यासमोरच करा लागते. तिले घेऊन ये.

माझा दुसरा हात माउसवर गेला. आवाजाच्या यादीत टीव्हीच्या जागी स्पीकर निवडला, का ते सांगता येणार नाही, हात चालत होता म्हणून. आवाज आला. आतल्या खोलीतल्या क्रिकेटच्या मॅचचा आवाज, कुणाचं तरी खाकरणं, कुकरची शिट्टी. धाकटीचे ओठ भराभर हलत होते, आईकडे बघत, आणि त्यांतून काहीही ऐकू येत नव्हतं. मग तिनं दाराकडे मान वळवली आणि एकदम मोठ्यानं, हसऱ्या आवाजात म्हणाली, "हो वं आई, बरी हाय मी! दादा, जेवला काय तू?"

तोच आवाज. चार महिने मी कानाला लावून ऐकत होतो, तोच.

कॉल संपला. आईनं पदरानं तोंड पुसलं.

"शेवटी आवाज आला काय तिचा?"

"आला."

"काय म्हणली?"

मी आईसमोर उभा राहिलो, तोंड तिच्याकडे केलं आणि ते नेहमीचे दोन शब्द, बरी आहे, काही मला उच्चारता येईनात. मग खुंटीवरची पिशवी काढली, चपला घातल्या आणि सुरतेकडची पहिली गाडी कधी आहे ते विचारायला स्टेशनवर गेलो.