कोयनेलचं कुंपण

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात मला मोताळ्याच्या एका शाळेत शिकवायची नोकरी चालून आली. शाळेची जीप धामणगाव बढ्यातल्या आमच्या घरावरूनच जायची. नवऱ्याची ना नव्हती, पण त्याचं हो वडिलांच्या तोंडाकडे बघून निघायचं. आणि मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नेमकं तेव्हाच घरापुढे कुंपण लावायला काढलं.

कोयनेलचं, बकऱ्या त्याला तोंड लावत नाहीत म्हणून. वीतभर काड्या, खालून तिरप्या कापलेल्या, वरच्या टोकाला शेणाचा गोळा. सगळ्या रोवून झाल्यावर हात झटकत ते म्हणाले, "काड्या लागल्या का जाय नोकरीले. तोवर पानी कोन घालीन?"

मी शाळेला थांबायला सांगितलं. सकाळी पाणी, संध्याकाळी थंडीसाठी वर गोणपाटं. समोरून जीप गेली की संताप यायचा, त्या मुक्या काड्यांचासुद्धा. थोड्या दिवसांत कोंब फुटले, पानं आली. मी धावतच सांगायला गेले, "मामाजी, लागल्या!"

ते सावकाश बाहेर आले, एक काडी उपटून माझ्यापुढे धरली. मुळाचा पत्ता नव्हता.

"पानं पाहू नोको. पानं त काडीतल्या रसावरच फुटते. थंडीत मूळ उशिरा सुटते."

लबाडाघरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, हे मला माहेरीच शिकवलं होतं. तरी मी पाणी घालत राहिले, हट्टानं. उन्हाळ्याच्या तोंडाशी काड्या खरंच लागल्या. शाळेनं सांगितलं, नव्या सत्रापासून या. मी दोन साड्या इस्त्री करून ठेवल्या.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मामाजींना आठवण करून दिली. ते कुंपणावरून हात फिरवत होते. खूश होते.

"मस्त लागलं. पन आता याले छाटीन कोन?"

ते नाही म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. तो चपला शोधत होता.

कुंपण आता चांगलं दाट झालंय. मोठी कात्री माझ्याच हातात असते. घरचे म्हणतात, वाढू दे, आडोसा होईल. मी ते हनुवटीच्या वर जाऊ देत नाही. जीप अजून सकाळी तिथूनच जाते.