चादर क्रमांक सात

तुळजापुरात मंदिराच्या रस्त्यावर कवड्यांच्या माळांची आणि हळदी-कुंकवाची दुकानं संपली की एक लॉज लागतो. त्याच्या जिन्याखाली दहा बाय आठची खोली आहे आणि खोलीवर पाटी आहे: ‘भागवत, आयकर सल्लागार. सर्व प्रकारचे रिटर्न भरून मिळतील.’ घाईतले यात्रेकरू त्यातला ‘रिटर्न’ एवढाच शब्द वाचतात आणि आत डोकावून सोलापूरचं रिटर्न तिकीट मागतात. बावीस वर्षांत भागवतने एकही तिकीट विकलेलं नाही, पण पुढची गाडी किती वाजता आहे हे तो मान वर न करता सांगतो.

त्याच्याकडे येणारी माणसं म्हणजे शाळामास्तर, पेन्शनीत निघालेले फौजी आणि देवीचे पुजारी. भागवतची कामाची एक रीत होती आणि ती त्याने कधी मोडली नाही. कॉम्प्युटरवर भरलेलं सगळं तो कागदावर छापायचा, लाल पेन्सिल घेऊन तपासायचा, मग ज्याचं त्याला मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच ओटीपी मागायचा. वाचून दाखवल्याशिवाय वही द्यायची नाही, हे त्याला सास्तूरच्या शाळेत अयोध्याबाईंनी शिकवलं होतं, आणि रिटर्न ही त्याच्या लेखी एक वहीच होती.

जिल्ह्याचं नाव बदललं, त्याच्या पुढच्या जुलैतली ही गोष्ट. भागवतचं जुनं सॉफ्टवेअर बंद पडलं म्हणून त्याने ‘सुलभकर’ नावाचं नवं घेतलं. डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘आता संपूर्ण मराठीत’. कुणा माणसाने हे मराठी केलं असेल तर तो माणूस भागवतला एकदा भेटायला हवा होता. शीट म्हणजे चादर एवढंच त्या यंत्राला ठाऊक, त्यामुळे ज्या तक्त्यांवर आकडे भरायचे त्या सगळ्या कामाच्या चादरी झाल्या. एकूण नऊ चादरी. उत्पन्नाच्या सदराला इंग्रजीत हेड म्हणतात, त्याचं इथे डोकं झालं. ‘पगाराचे डोके भरा.’ ‘घराच्या डोक्याखाली काय आहे?’ आणि वर्ष संपताना उरलेलं काही पुढच्या वर्षात न्यायचं असलं की विचारायचं, ‘पुढे वाहून नेऊ का?’

पहिल्याच आठवड्यात शिवानंद पुजारी उठून गेले. भागवतने सवयीप्रमाणे त्यांना समोर बसवून वाचून दाखवलं, “महाराज, तुमचं एक डोकं रिकामं आहे.” शिवानंद महाराज चपला घालून निघाले. त्यांची समजूत काढायला भागवतला दोनदा घरी जावं लागलं आणि दुसऱ्यांदा जाताना पेढे न्यावे लागले.

तरी हेही निभावलं असतं. अडलं ते अयोध्याबाईंच्या कागदांपाशी.

अयोध्याबाई आता सदुसष्ट वर्षांच्या. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला त्यांनी तीस वर्षं मराठी शिकवलं. बोलायच्या गावचंच, पण लिहिलेल्यात एक वेलांटी इकडची तिकडे झाली तर मुलाला फळ्यापाशी उभं करायच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं घर खाली आलं. बाईंना माणसांनी दगडांतून ओढून काढलं, त्यांची मुलगी आत राहिली. भागवत तेव्हा बारा वर्षांचा, त्यांच्याच वर्गात होता. पुढे गाव नव्या जागी वसलं, बाईंना घर मिळालं, त्या पुन्हा शाळेत उभ्या राहिल्या. मुलीविषयी त्या बोलत नसत, त्यामुळे गावातही त्यांच्यासमोर कुणी बोलत नसे. भागवतने धंदा सुरू केला तेव्हा पहिली फाइल बाईंची आली होती. त्या कुठल्याही मोठ्या ठिकाणी गेल्या असत्या तरी चाललं असतं, पण त्या म्हणाल्या होत्या, “भागवत खोटं लिहिनार न्हाय.” या एका वाक्यावर सास्तूरच्या बाजूची निम्मी मास्तरमंडळी त्याच्याकडे आली.

बाईंचं रिटर्न म्हणजे पेन्शन आणि बँकेचं व्याज, दहा मिनिटांचं काम. पण सुलभकरने त्यांचे सगळे पत्ते आपणहून गोळा केले आणि सातवी चादर अंथरली. त्या चादरीवर बाईंना तीन घरं होती. पहिलं नवीन सास्तूर, जिल्हा उस्मानाबाद. दुसरं नवीन सास्तूर, जिल्हा धाराशिव. घर तेच, दार तेच, दारातली तुळस तीच, पण सप्टेंबरात जिल्ह्याचं नाव बदललं होतं आणि बँकेने तत्परतेने पत्ता सुधारला होता. म्हणजे बाई एका जागी बसल्या बसल्या दोन जिल्ह्यांत घरवाल्या झाल्या. आणि तिसरं होतं जुनं सास्तूर. पॅन कार्डाच्या अर्जावर ‘सध्याचा पत्ता’ या रकान्यात बाईंनी नवं गाव लिहिलं होतं आणि ‘कायमचा पत्ता’ या रकान्यात जुनं. अर्ज भरणाऱ्या एजंटाने तेव्हा दोन्हीकडे एकच लिहा म्हणून सांगितलं होतं, बाईंनी ऐकलं नव्हतं. भागवतच्या कपाटातल्या फाइलींत असं लिहिणारे आणखी दहाजण होते.

आता कायदा असा की दोन घरं आपल्या राहण्याची म्हणता येतात. तिसरं निघालं तर ते भाड्याने दिलंय असं मानून त्याचं भाडं धरायचं. सुलभकरने तीनांतलं सर्वांत जुनं घर उचललं आणि लाल अक्षरांत विचारलं, ‘भाडेकरूचे नाव?’

भागवतने खिडकीबाहेर पाहिलं. सास्तूरला त्या घराच्या जागी आता दगडांचा ढीग आहे आणि ढिगातून वर आलेली एक बाभूळ आहे. बाभळीचं नाव लिहावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. ‘किती महिने रिकामे होते?’ असा एक रकाना दिसला म्हणून त्याने बोटांवर हिशोब करून ३७० लिहिलं. यंत्र म्हणालं, बाराच्या आतला आकडा लिहा. मग त्याने ‘नैसर्गिक आपत्ती’ दाबून पाहिलं, तर विम्याचा दावा क्रमांक मागितला आणि आपत्ती चालू वर्षातच घडलेली असावी अशी अट घातली. शेवटी त्याला ‘घर यादीतून काढा’ हे बटण सापडलं. कारणं तीन होती: विकले, दान केले, पाडले. भागवतने तिसऱ्यावर टिचकी मारली. तिसरं घर गेलं, चादर हिरवी झाली. त्याने लगेच कागद छापले.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी तो लॅपटॉप पिशवीत घालून मोटारसायकलवर सास्तूरला निघाला. दुपारी बाईंच्या ओसरीवर बसून त्याने मोठ्याने वाचायला घेतलं. सहा चादरी झाल्या, सातवी त्याने थोडी भरभर वाचली. बाईंनी हात पुढे करून कागद घेतला आणि चष्मा लावला.

“हे काय लिव्हलंस?”

“काय, बाई?”

“इथं. पाडले.”

“व्हय. जुनं घर पडलंय न्हवं का? मंग यादीतनं काढलं.”

“पडलंय. पाडलं न्हाय. एक काना जास्त हाय, भागवत.”

त्रेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर केस विरळ झालेले, पण त्या क्षणी त्याचे हात आपोआप मागे गेले. “बाई, त्यात तीनच शब्द हायती. विकलं, दान केलं, न्हायतर पाडलं. पडलं असा शब्दच ठेवला न्हाय त्यांनी.”

“त्यांनी ठेवला न्हाय म्हून म्या खोटं लिव्हू? पाडलं म्हंजी पाडनारा लागतो. कर्ता कोन ह्या वाक्यात?”

भागवतने कागदाकडे पाहिलं. खरं होतं ते त्याच्या तोंडून निघून गेलं. “करदाता, बाई.”

म्हणायला नको होतं. बाईंनी कागदाची घडी घातली, ती त्याच्या पिशवीवर ठेवली आणि उठल्या. आवाज चढला नाही, तेच त्याला जास्त लागलं. “म्या पाडलं का ते घर? माझ्या सहीनं सरकारला तसं सांगायला निघालास तू? खोटं लिहिनाऱ्याकडं माझे कागद ऱ्हायला नकोत. लोहाऱ्यात कुनी हाय का बघते.” असं म्हणून त्या आत गेल्या.

उशीर झाला तर दंड लागेल, तो त्याने स्वतःच्या खिशातून भरला असता. बाईंची फाइल लोहाऱ्याला गेली असती, तर मात्र त्याला ती पाटी उतरवावीशी वाटली असती. त्याने पिशवीतून मोबाइल काढला आणि सुलभकरच्या मदतकक्षाला लावला. पुण्याहून अर्पिता नावाची मुलगी बोलली, आवाज मोठा गोड.

“सर, घर पडलं तेव्हा भाडेकरू कुठे गेले?”

“भाडेकरू नव्हतेच ताई. घरच राहिलं नाही.”

“ओके सर. मग ते रिकामं आहे.”

“रिकामं न्हाय,” बाई आतून म्हणाल्या.

“सर, मॅडम म्हणतायत रिकामं नाही. मग भाडं लिहा.”

असं पाऊण तास चाललं. अर्पिताने तीनदा लाइनवर थांबवून सनई ऐकवली. चौथ्यांदा आल्यावर मात्र ती समोरच्या कागदावरचं वाचायचं थांबली आणि हळूच म्हणाली, “सर, तुम्ही जुन्या घराला हातच लावू नका ना. बाकीच्या दोनांतलं एक काढा. मग दोनच उरतील, दोन्ही स्वतःच्या राहण्याची दाखवता येतात. भाडं नाही, काही नाही.”

भागवत ओसरीवर उठून उभाच राहिला. एवढी साधी गोष्ट त्याला सुचली नव्हती. त्याने जुनं सास्तूर यादीत परत आणलं आणि उस्मानाबादच्या घरावर बोट ठेवलं. यंत्राने पुन्हा तेच विचारलं: विकले, दान केले, पाडले?

तो बाईंकडे वळला. आता त्याने स्वतः काही ठरवायचं नाही असं मनाशी पक्कं केलं होतं. “बाई, उस्मानाबादचं घर काढायचंय. कारन काय लिव्हू?”

बाई चौकटीत येऊन उभ्या राहिल्या. “त्ये घर आता कुनाकडं हाय?”

“धाराशिवच्या अयोध्याबाईंकडं.”

“आन् आधी कुनाकडं व्हतं?”

“उस्मानाबादच्या अयोध्याबाईंकडं.”

“पैसे घेतले का म्या?”

“न्हाय.”

“मंग दान केलं. लिही. ह्यात खोटं काय न्हाय.”

भागवतने ‘दान केले’ दाबलं. यंत्राने विचारलं, दान कोणाला? त्याने बाईंचं नाव लिहिलं. दात्याशी नाते? बाई म्हणाल्या, “स्वतः.” यादीत ‘स्वतः’ होतं. त्या यंत्राने नको त्या शंभर गोष्टी विचारल्या होत्या, पण माणसाने आपलं घर आपल्यालाच दान केलं यात त्याला काही वावगं दिसलं नाही. चादर निम्मी हिरवी झाली. मोबाइलवरून अर्पिता “अभिनंदन सर” म्हणाली आणि मदत कशी वाटली त्याला एक ते पाच आकड्यांत गुण द्यायला सांगितले. भागवतने पाच दिले.

उरला एकच रकाना. जुन्या सास्तूरच्या घरासमोर ‘स्वतःच्या राहण्याचे’ अशी खूण झाली होती, त्याखाली प्रश्न होता: ‘या घरात सध्या कोण राहते?’ हा प्रश्न सरकारचा नव्हता, सुलभकरने आपल्या पदरचा घातला होता, पण तो भरल्याशिवाय पुढे सरकत नव्हतं. भागवतने वाचून दाखवायला तोंड उघडलं आणि मिटलं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एक ओळ वाचायची त्याला हिंमत झाली नाही. तो म्हणाला, “बाई, ह्ये म्या रेघ मारून बघतो. चालंल.”

“काय इचारलंय?”

त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला. बाई खाली बसल्या. चष्मा नीट केला, ओठ न हलवता वाचलं. रस्त्याने एक बैलगाडी जात होती, ती पार वळेपर्यंत त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

“लिही,” त्या म्हणाल्या. “वर्षाराणी.”

भागवतने लिहिलं. ‘र्षा’वरचा रफार त्याने दोनदा तपासला.

‘नाते?’

“मुलगी.”

‘वय?’

“सहा.”

त्याच्या डोळ्यांना समोरचं धड दिसेना. त्याने सहाचा आकडा दाबला. इतका वेळ प्रत्येक आकड्याला अडणारं ते यंत्र आता एका शब्दाने अडलं नाही. वय कमी आहे म्हणालं नाही, पुरावा मागितला नाही, जन्मतारीख विचारली नाही. सातवी चादर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हिरवी झाली. वर्गात त्या पोरीला कडेवर घेऊन बाई फळ्यावर लिहायच्या, ते भागवतला आठवलं आणि तो सरळ रडला. बाईंनी त्याला रडू दिलं, पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

ओटीपी आला, तो बाईंनी वाचला, रिटर्न गेलं. भागवत झाकण मिटणार तेवढ्यात पडद्यावर आणखी एक चौकट उघडली. बाईंनी हाताने त्याला थांबवलं आणि ती चौकट वर्गात वाचावी तशी मोठ्याने, एकेक शब्द सुटा करत वाचली: “या घरातील माहिती पुढील वर्षी पुढे वाहून नेऊ का?”

“बाई, त्ये नुसतं यंत्र इचारतं. न्हाय म्हनलं तरी चालतं.”

“शुद्धलेखन बरोबर हाय ह्याचं,” बाई म्हणाल्या. मग त्यांनी पदराने बोट पुसलं आणि स्वतः ‘हो’ दाबलं.