फोन सापडला

मी सोलापुरात बावीस वर्षं शिक्षिका आहे. वर्गात काही हरवलं की दप्तरं तपासायची माझी एक पद्धत होती. पद्धत कसली, खोडच ती. सुरुवात व्हायची शेवटच्या बाकापासून, म्हणजे पारधी वस्तीवरून येणाऱ्या मुलीपासून. सहावीत त्या वस्तीवरची ती एकटीच. पुढं पुढं तर कुणाचं पेन हरवलं तरी ती न सांगताच उठायची आणि दप्तर माझ्या टेबलावर उपडं करायची. किती समजूतदार पोर, असं मी स्टाफरूममध्ये कौतुकानं सांगितलंही होतं. आज ते आठवलं की स्वतःची चीड येते.

मग एका दुपारी माझाच फोन गेला. तिनं दप्तर उपडं केलं. दोन वह्या, कंपासपेटी, शेंगाचटणी-भाकरीचं फडकं. फोन नव्हता. तिथंच थांबायला हवं होतं. पण मुख्याध्यापकांनी चौकीत कळवलं. हवालदार आले, त्यांनी विचारलं, "वर्गात पारध्याचं कोण आहे?" मी तिचं नाव सांगितलं. बाकीच्या मुलांची नावं त्यांनी विचारली नाहीत आणि मीही सांगितली नाहीत. त्याच संध्याकाळी तिच्या वडिलांना उचललं.

दोन दिवसांनी खिचडी शिजवणाऱ्या मावशींना फोन तांदळाच्या पिंपामागं मिळाला. मुलांना वाढण्याआधी खिचडीची चव घेऊन रजिस्टरवर सही करावी लागते. सही करताना मीच तो तिथं ठेवला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी दरवर्षी शिकवते.

वडिलांना सोडलं, पण त्यांना धड चालता येत नव्हतं. मुलगी शाळेत येईना, म्हणून मी वस्तीवर गेले. तिच्या आईनं मला बसायला पोतं अंथरलं, पाणी दिलं. मी हात जोडले, फोन मीच विसरले होते हे सांगितलं.

"बाई, आमाला कशाला सांगताय? आमाला ठावं हाय की," ती म्हणाली. "वर्गात सांगा. पोरं चोराची म्हनत्यात तिला. शाळा लई आवडती वो तिला."

"उद्या पाठवा. सगळ्यांसमोर सांगते," मी म्हणाले.

ती आली. केसांना चपचपीत तेल, घट्ट वेण्या, धुतलेला गणवेश. शेवटच्या बाकावर ताठ बसून माझ्याकडे बघत होती. मी बोलायला उभी राहिले, पण एवढ्या मुलांसमोर आपली चूक कबूल करायची मला लाज वाटली.

"माझा फोन सापडला आहे," मी म्हणाले. "पुस्तकं काढा."

कुठं सापडला, कुणी ठेवला होता, काही बोलले नाही. सगळा वर्ग मागं वळून तिच्याकडे बघू लागला. पुढच्या बाकावरची मुलगी शेजारणीला म्हणाली, "दिला वाटतं परत." मला ते स्वच्छ ऐकू आलं. मी फळ्याकडे वळले आणि धड्याचं नाव लिहिलं.

त्या दिवशी वर्गात काहीच हरवलं नव्हतं. तरी शाळा सुटल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. दप्तर उपडं केलं. माझं बघून होईपर्यंत थांबली. मग एकेक वस्तू आत भरली आणि निघून गेली. ती पुन्हा शाळेत आली नाही.