नलूमावशीचा बंद सेट

मुरबे गावच्या नलूमावशीला मी आधी ओळखलं ते तिच्या आवाजावरून. बोईसरच्या आमच्या इमारतीखाली ती पाटी उतरवून हाक मारते, तेव्हा खिडकी बंद असली तरी आज बोंबील आहेत की पापलेट ते चौथ्या मजल्यावर कळतं. भाव ती एकदाच सांगते. कुणी घासाघीस केलीच, तर पाटीवर ओला फडका टाकते आणि शांतपणे म्हणते, "बाई, परवा या. परवा शिळी मिळंल, स्वस्तात." एकदा एसटीचा कंडक्टर पाटीसकट घ्यायला तयार नव्हता, तर मावशी दारातच उभी राहिली. शेवटी बसमधले लोकच कंडक्टरला म्हणाले, "अहो, घ्या तिला, नाहीतर आपण सगळे इथंच राहू."

तिचा नवरा नवशा तांडेल होता, म्हणजे स्वतःच्या बोटीचा कप्तान. दोन वर्षांपूर्वी हृदयविकाराच्या झटक्यानं तो घरीच गेला. तेव्हापासून बोट तिचा मुलगा मनीष चालवतो. या बोटीवर, सुकाणूजवळ, जीपीएसचा एक सेट बसवलेला होता. शाळेच्या पाटीएवढा डबा, त्याला पडदा, खाली चार बटणं. मासळी विकून साठवलेल्या पैशांतून तो मावशीनंच घेतला होता आणि बिलही तिच्याच नावाचं होतं. समुद्रात एखाद्या ठिकाणी चांगली मासळी लागली, की नवशा बटण दाबून ती जागा सेटमध्ये साठवायचा. पाण्याखाली कुठे खडक आहे, कुठे बुडालेल्या जहाजाचा सांगाडा आहे आणि तिथं जाळं टाकलं तर फाटणारच, तेही साठवायचा. गेल्यावर त्याचा फोटो भिंतीवर लागला, पण मनीष म्हणायचा, "बाबा खरा हाय तो सेटमधी."

त्या सेटचा पडदा एका वैशाखात काळा पडला. आतून बारीक टुकटुक आवाज यायचा, म्हणजे जीव होता, पण दिसत काहीच नव्हतं.

मावशीनं सेट पाटीत ठेवला, वर फडका घातला आणि बोईसरच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेला. काउंटरवर दिपेश नावाचा तरुण होता. वागायला चांगला. त्यानं सेट बघितला आणि म्हणाला, "मावशी, हे मॉडेल कंपनीनं बंद केलं. याचा पडदा सुटा येत नाही. नवीन सेट घ्या, जुन्याची थोडी सूट मिळेल."

"नि यातलं?"

"यातलं म्हणजे?"

"माज्या नवऱ्यानं साठवलेल्या जागा."

दिपेशनं सेट उलटून मागचा नंबर बघितला. मग म्हणाला, "त्या नाही निघणार. जुना सेट कंपनीत जातो, तिथं तो मोडतात."

मावशीनं सेट परत पाटीत ठेवला. "मोडायला द्यायला तो काय मासा हाय?" असं म्हणून ती बाहेर पडली.

स्टेशनजवळ रूपेशचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. त्यानं सेट उघडला आणि सांगितलं, की बाकी सगळं ठणठणीत आहे, फक्त पडदा गेलाय. सातपाटीच्या एका भंगारवाल्याकडून त्यानं याच मॉडेलचा जळका सेट शोधून आणला. त्याचा पडदा शाबूत होता, तो मावशीच्या सेटला जोडला. सेट उजळला. कंपनीचं चिन्ह आलं. मावशी पुढे वाकली, आणि तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली: 'हा भाग मान्यताप्राप्त नाही. अधिकृत केंद्राशी संपर्क साधा.' पुन्हा अंधार.

"हे काय रं?"

रूपेशनं डोकं खाजवलं. "मावशी, प्रत्येक पडद्याला नंबर असतो. दुसरा पडदा लावला की सेट त्याला ओळखत नाही. कंपनीकडं एक कोड असतो. तो टाकला की ओळखतो."

"मंग माग त्यांच्याकडं."

रूपेशनं मागितला. उत्तर आलं, की कोड फक्त अधिकृत केंद्राला मिळतो. अधिकृत केंद्रात, म्हणजे दिपेशकडे, विचारलं, तर तो म्हणाला या मॉडेलची दुरुस्ती आम्हाला बंद करायला सांगितलीय. रूपेश वैतागला. "म्हणजे दार त्यांचं, कुलूप त्यांचं, आणि किल्ली त्यांनीच फेकून दिली."

"दार त्यांचं नाय," मावशी म्हणाली. "दार माजं हाय. मी इकत घेतलंय."

पावसाळ्यातली मासेमारीची बंदी संपली आणि मनीष मोबाइलच्या नकाशावर बोट घेऊन गेला. मोबाइल दिशा दाखवायचा, पण नवशाच्या जागा त्यात नव्हत्या. दुसऱ्याच फेरीला त्याचं जाळं बुडालेल्या सांगाड्यात अडकलं. कापून काढावं लागलं. मनीष फाटकं जाळं घेऊनच परत आला.

फाटकं जाळं वाळूत पसरून मावशी सांधायला बसली. शेजारच्या मंजुळाही मदतीला आल्या. बोलता बोलता मंजुळा म्हणाल्या, "आमचाबी सेट तसाच पडलाय. वर लोणच्याची बरणी ठेवलीय." आणखी एकीनं सांगितलं, तिच्याकडे तो देव्हाऱ्याखाली आहे, उंचीला बरा पडतो. मावशीची सुई थांबली. आपल्याच घरावर कोसळलेली गोष्ट म्हणून ती आजवर गप्प होती. मुरब्यात घरोघरी तेच काळे डबे पडले होते, आणि प्रत्येकजण ते आपलंच नशीब समजून बसला होता.

"जाळं फाटलं तर आपण दुकानात जातो का गं?" मावशी म्हणाली. "सांधतो. होडीची फळी कुजली तर होडी जाळतो का? फळी बदलतो. मंग ह्या डब्यालाच काय सोनं लागलंय?"

बोईसरच्या वाचनालयात शनिवारी हेतल नावाची तरुणी बसते. कायदा शिकलेली, ग्राहक संघटनेचं काम करणारी. मावशीला तिच्याकडे मीच घेऊन गेले. हेतलनं सगळं ऐकून घेतलं आणि खोटी आशा दाखवली नाही. "मावशी, दुरुस्तीच्या हक्काचा वेगळा कायदा आपल्याकडे अजून नाही. सरकारनं पोर्टल काढलंय, कंपन्यांना सांगितलंय, पण सक्ती नाही. आपण ग्राहक कायद्यानं जाऊ. विकताना त्यांनी सांगितलं होतं का, की पडदा गेला तर दुरुस्त करू देणार नाही?"

"सांगितलं असतं तर घेतला असता का मी?"

"हेच ग्राहक आयोगासमोर बोलायचं. वकील लावायलाच हवा असं नाही. तुम्ही स्वतः बोलू शकता."

मावशी हसली. "पोरी, बोलायचंच तर काम हाय माजं."

हेतल मासळी खात नाही, त्यामुळे तिचे आभार कसे मानायचे ही मावशीची मोठी अडचण झाली. शेवटी ती दर शनिवारी शहाळी नेऊ लागली. तक्रार दाखल झाली. मावशीच्या मागोमाग मंजुळा आणि गावातल्या बाकीच्या बायकांनीही सह्या केल्या.

मग कंपनीचा माणूस मुरब्याला आला. गाडीतून उतरला, चप्पल वाळूत रुतवत घरापर्यंत आला आणि ओटीवर एक नवाकोरा खोका ठेवला. "ताई, तुमच्यासाठी सगळ्यात वरचं मॉडेल. फुकट. फक्त तक्रार मागे घ्यायची."

मनीषचे डोळे त्या खोक्यावरून हलेनात. "आये, घे ना," तो हळूच म्हणाला. "माजं जाळं अजून सांधून झालं नाय. मला समुद्रात जायाचंय."

मावशीला पोराकडे बघवेना. त्या सेटवर त्याची रोजची मीठभाकर होती, हे तिला कळत होतं. ती उठली, आतून पाणी आणलं, पाहुण्याला दिलं आणि विचारलं, "ह्यात काय भरलंय?"

"नवीन आहे ताई. रिकामा आहे."

"तेच तं. आणि मंजुळेला कोण देनार? तिला, तिच्या शेजारणीला?"

मावशीनं खोका उचलून त्याच्या हातात दिला. मनीष ताडकन उठून बंदराकडे निघून गेला. पुढे काही दिवस मायलेकरांचं बोलणं जेवणापुरतंच होतं. त्या दिवसांत तिचा आवाजही बसल्यासारखा झाला होता. आमच्या इमारतीखाली हाक यायची, पण चौथ्या मजल्यावर पोचायची नाही.

सुनावणीच्या दिवशी मी रजा काढून गेले. आयोगाच्या दारात शिपाई बायकांना अडवत होता. नऊवारी नेसलेल्या, डोक्यावर पाट्या, पाट्यांवर ओले फडके.

"मासळी आत नेता येणार नाही."

"मासळी नाय, भाऊ," मावशी म्हणाली आणि फडका उचलला. आत काळा सेट. मागच्या बाईनं फडका उचलला, आत सेट. तिच्यामागच्या बाईच्या पाटीतही तेच. शिपायानं एकेका पाटीत डोकावून बघितलं आणि बाजूला झाला. आणि रांगेच्या शेवटी, मंजुळांची पाटी स्वतःच्या डोक्यावर घेऊन, मनीष उभा होता. आईकडे न बघता म्हणाला, "त्यांचा खांदा दुखतो, म्हणून आलो."

कंपनीचे वकील शांतपणे बोलले. समुद्रावरचं यंत्र आहे, कुणीही उघडलं आणि ते चुकीची दिशा दाखवू लागलं तर माणसं बुडतील. हे कुलूप लोकांच्या सुरक्षेसाठी आहे. मला क्षणभर पटलंसुद्धा.

अध्यक्षांनी मावशीला बोलायला सांगितलं. ती उठली आणि आधी वकिलांकडेच वळली. "साहेब बरोबर बोलतात. आमचीच पोरं बुडतील. म्हणून तं आमी आलो. चुकीचं दाखवनारा सेट वाईट, मंग काहीच न दाखवनारा चांगला का? माजा पोरगा आंधळ्यावानी गेला नि जाळं सांगाड्यात अडकलं. बोट अडकली असती तर? कुनी बी उघडू नये म्हनता, तर शिकवा ना. पडदा द्या, कोड द्या, कसं करायचं ते लिहून द्या. ज्याला येतं तो करंल. पन तुमी करत नाय, दुसऱ्याला करू देत नाय, नि वर सांगता की काळजी आमचीच करता. ही कोनती काळजी?"

अध्यक्षांनी वकिलांना एकच प्रश्न केला: "हे मॉडेल तुमच्या केंद्रात आज दुरुस्त होतं का?"

वकिलांनी कागद चाळले. "नाही, महोदया."

"मग हे कुलूप कुणासाठी आहे?"

वकील खाली बसले. पण निकाल यायला वेळ लागला. मध्ये थंडी येऊन गेली, तारखा पडल्या, एक बाई कंटाळून सही काढून घ्यायला निघाली होती, तिला मंजुळांनी थोपवलं. अखेर निकाल लागला. तक्रारदारांच्या सगळ्या सेटसाठी कंपनीनं कोड द्यावा, सुटे पडदे वाजवी किमतीत द्यावेत, दुरुस्तीची माहिती द्यावी, आणि बाहेर दुरुस्त केलं म्हणून पुढची सेवा नाकारू नये. हेतलनं तो फोनवर वाचून दाखवला, तेव्हा मावशी आमच्याच इमारतीखाली होती. तिनं सुरी खाली ठेवली आणि अशी आरोळी दिली की लोक गॅलरीत आले. त्या दिवशी सगळ्यांना कोलंबी फुकट वाटल्यासारखीच मिळाली. घासाघीस करायची कुणाला आठवणच झाली नाही.

रूपेश त्याच रविवारी मुरब्याला आला. बंदरावर बोटीतच बसून त्यानं एकेक सेट घेतला, लागेल तिथं पडदा बसवला, कोड टाकला. पहिला मावशीचा. चिन्ह आलं, ती जुनी अक्षरं आली नाहीत, आणि पडद्यावर निळा समुद्र पसरला. त्यावर नवशानं रोवलेल्या जागा ठिपक्यांसारख्या एकामागून एक उगवल्या. काठावर ढोल घेऊन आलेली पोरं नाचायला लागली.

मनीष ठिपक्यांची नावं वाचू लागला. नवशानं प्रत्येक जागेला नाव दिलं होतं. जाळं फाडणारा एक खडक होता, त्याचं नाव 'सासूबाई'. हशा पिकला. मग मनीष एका ठिपक्याशी थांबला. पापलेटाची सगळ्यात चांगली जागा, किनाऱ्यापासून लांब. नाव होतं 'नलू'.

"तुला ठाऊक होतं?" मावशीनं विचारलं.

"होतं," मनीष म्हणाला. "बोलायला लाज वाटायची."

मावशीनं पदर तोंडावर घेतला. रडते की हसते ते कळेना. मग म्हणाली, "मेला, तोंडावर कधी बोलला नाय." आणि ढोलवाल्यांकडे वळून ओरडली, "थांबलात कशाला? वाजवा!"

आता घिवली, सातपाटी, पार डहाणूपर्यंतच्या बायका तिला फोन करतात. कुणाचं वॉशिंग मशीन, कुणाचं कानाचं यंत्र, कुणाचा मोबाइल. ती त्यांना हेतलकडे पाठवते किंवा रूपेशकडे, आणि दोन्हीकडे काम अडलं तर स्वतः जाते. कंपनीनं त्या मॉडेलचे कोड पुढे सगळ्यांसाठीच खुले केले.

गेल्या महिन्यात तिला घरी फ्रीज घ्यायचा होता, म्हणून बोईसरच्या दुकानात मीही बरोबर गेले. दुकानदार रंग दाखवू लागला, बर्फ किती लवकर होतो ते सांगू लागला. मावशीनं त्याचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ह्याला आधी भिंतीकडनं वळव. मागचं झाकण काढ."

"झाकण कशाला, मावशी?"

"बिघडला तर उघडतो की नाय ते बघते. उघडून दाखव, मंग घेते."

दुकानदार माझ्याकडे बघू लागला. मी मावशीकडे बोट दाखवलं. शेजारच्या टीव्हीपाशी उभं असलेलं एक जोडपं आमच्याकडे सरकलं. दुकानदारानं पाना मागवला.