अकरा गाठींचा दोरा

विमान कंपनीच्या चौकशीच्या खिडकीत त्यांनी एकतीस वर्षं काढली, म्हणून सगळे त्यांना चौकशीवाले म्हणत. कुणी दोन शहरांची नावं घेण्याचा अवकाश, अंतर आणि वेळ जिभेवर हजर. निवृत्त झाले तरी खोड काही जाईना. घरातलं कोणी विमानात बसलं, की भिंतीवरच्या नकाशावर ते दोन शहरांमध्ये दोरा ताणत. दहा मिनिटांच्या उड्डाणाला एक गाठ. मग घड्याळ बघून टाचणी एकेक गाठ पुढे. विमान उतरेपर्यंत स्वारी जागची हलत नसे.

"वैमानिकाला उगाच पगार देतात," बायको म्हणे. "विमान तर आमचे हे ओढतात."

त्या दुपारी लेक येणार होती. भांडून गेली, त्याला सात वर्षं झाली होती. अंतर अकराशे चाळीस किलोमीटर, वेळ एक तास पन्नास मिनिटं, गाठी अकरा. एवढ्याशा वाटेला सात वर्षं लागली होती आणि आता एकेक मिनिट सरता सरत नव्हतं.

दोनला विमान उडालं. पाचव्या गाठीवर त्यांचा धीर सुटला. जन्मात केली नव्हती ती लबाडी त्यांनी केली. टाचणी उपटली आणि थेट अकराव्या गाठीत, आपल्या शहरात, रोवली.

दारावरची बेल वाजली.

दारात लेक. हातात सामान नाही, कपड्यांना सुरकुती नाही. बायकोने तिला छातीशी धरलं, पोटभर रडली आणि चहा टाकायला आत पळाली. लेक खुर्चीत बसली.

"लवकर आलीस," ते म्हणाले.

"तुम्हीच आणलंत ना, बाबा."

आवाज तिचाच होता. पण ओठ हलल्यावर जरा उशिराने आला, फार लांबून यावा तसा.

त्यांच्या अंगावर सरसरून काटा आला. ही इथे बसली आहे, तर विमानातून कोण उतरणार? आणि टाचणी मागे घेतली नि काही चुकलं, तर ना इथली उरायची ना तिथली. ते भिंतीपाशी गेले.

"थोडं बसू द्या ना, बाबा."

सात वर्षांनी आलेलं माणूस आपल्याच हाताने घालवायचं होतं.

"आधी नीट उतर, बाळ. मग बस." त्यांनी टाचणी सहाव्या गाठीत टोचली. तीन वाजले होते.

बायको कप घेऊन बाहेर आली. पोर कुठे गेली, म्हणून विचारू लागली. "वाटेत आहे," एवढंच ते बोलले. तिने कप रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला. पुढच्या गाठी त्यांनी घड्याळाच्या ठोक्याला सरकवल्या, ना आधी ना नंतर.

पाचच्या सुमारास बेल वाजली. दोघंही जागचे उठेनात. मग दारावर थापा पडल्या. "आई, उघड ना गं. सामानाने हात तुटले माझे."

दोन बॅगा, विस्कटलेले केस, कपाळावर घाम. दोघांनी तिला इतकं घट्ट धरलं, की तीच हसायला लागली. मग बूट काढता काढता म्हणाली, "विमानात काय मेल्यासारखी झोपले होते. जागी झाले तर शेजारच्या आजी माझा हात धरून बसलेल्या. म्हणतात, मघाशी दहा मिनिटं कुठे गेली होतीस गं? पट्टा तर बांधलेलाच होता."

चौकशीवाल्यांनी बॅगा आत नेल्या. बायकोने दाराला कडी घातली, आणि लेकीला त्या खुर्चीत काही बसू दिलं नाही.