बॅटरीचा मुहूर्त

चहा घ्या, बसा, आणि एवढं करा, की पहिल्याच घोटाला हसू नका. काय सांगू तुम्हाला, मी तीस वर्षं सातवीच्या पोरांना विज्ञान शिकवलं. सेल, बल्ब, स्विच, सगळं फळ्यावर काढून. विट्याच्या अलीकडं आमचं गाव, तिथं मला अजून गुरुजी म्हणतात. आता म्हणताना तोंड दुसरीकडं फिरवतात, एवढंच.

आमच्या छपरावर दोन वर्षांपासून सोलर आहे. त्याची एक खोड तुम्हाला ठाऊक आहे का? खांबावरची लाईन गेली की तेही बंद पडतं. बाहेर रणरणतं ऊन, छपरावर पॅनेल चकाकतायत, आणि खाली आम्ही वर्तमानपत्रानं वारा घेतोय. जोडीला बॅटरी नसली की असंच. मी चालवून घेत होतो, पण घरात नातीचं बारसं निघालं.

मुलगा संतोष फौजेत. वर बर्फातल्या पोस्टवर, जिथं नुसता बोलायचा फोन, तोही कधीमधी. लेक सव्वा महिन्याची झाली तरी त्यानं तिचं तोंड पाहिलं नव्हतं. बारसं घटस्थापनेला धरलं, कारण त्या दिवशी तो तासाभरासाठी खाली बेसवर येणार होता. तेवढ्यात व्हिडिओ कॉल, लेकीचं पहिलं दर्शन, आणि पुन्हा महिनाभर वर. आमच्या आळीत मोबाईलला रेंज नाही, घरातल्या वायफायवर सगळी भिस्त. लाईन गेली तर? म्हणून बॅटरी घ्यायची ठरली.

घेतली मात्र पितृपक्षात. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, दुकानदार भावात खाली आला, मी भुललो.

"आवं, पितरांच्या दिसात नवी वस्तू?" माझी बायको शालन म्हणाली.

मी तोडगा काढला. बॅटरी आणायची, बसवायची, पण चालू करायची नाही. चालू करायची बारशाला, चारचौघांसमोर, फीत कापून. पितरंही खूश, दुकानदारही खूश.

बसवणारा मिस्त्री म्हणाला, "गुरुजी, निदान दोन दिस उन्हावर भरू द्या तिला."

"आरं, नवी कोरी हाय न्हवं? गॅसची टाकी कवा रिकामी येती व्हय?"

गुरुजींना कोण शिकवणार? त्याच्याकडून घर तात्पुरतं सरळ लाईनवर घेतलं आणि पॅनेलकडून बॅटरीत वीज येते ते बटण मी माझ्या हातानं बंद केलं. शालननं तिला टीव्हीला घालतात तसलं क्रोशाचं झाकण घातलं. पंधरा दिवस ती तशीच, नवरीसारखी.

इथं थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मला वाटलं, सगळ्या आळीनं बघावं. सगळ्यांचे पंखे बंद आणि गुरुजींचे तेवढे फिरतायत! वायरमन तानाजी माझाच विद्यार्थी. त्याला गाठलं.

"बारशादिवशी बरोबर एकला आपल्या आळीचा फ्यूज काढ. धा मिन्टं."

"लोकं शिव्या घालतील की गुरुजी."

"मग जेवायला ये. बासुंदी हाय."

"बासुंदी आसंल तर काढतो," तानाजी म्हणाला.

पाऊण वाजता कॉल आला. कानटोपी घातलेला, गाल रापलेला संतोष. सून सारिका नवी साडी नेसून पाळण्याशी बसलेली, पोरीच्या गालाला तीट. फोन माझ्या हातात.

"आबा, पोरगी दावा की."

"दावतो रं, दम काढ. आधी उद्घाटन."

मी फेटा बांधला होता, मिशांना पीळ दिला होता, कवळी तेवढी घालायची राहिली होती. एका हातात कात्री घेतली, फोन स्वतःकडं वळवला आणि भाषण सुरू केलं. सूर्यापासून सुरुवात केली.

"आबा, मला परत जायचं हाय वो."

"आलोच बघ शेवटाला."

एकच्या ठोक्याला पंखे थांबले. तानाजी वेळेचा पक्का, माझ्याच हाताखालचा. मी फीत कापली, झाकण काढलं, बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. शालननं नारळ फोडून बघितला. फोनकडं बघितलं तर पंख्यांबरोबर वायफायही गेलेलं; संतोष जागच्या जागी थिजला होता, मग तोही गेला.

मिस्त्रीनं नंतर सांगितलं, की बॅटरी कारखान्यातून निम्मीच भरून येते. येणारं ऊन मी बंद केलं होतं, पण आतल्या यंत्राचा खर्च चालूच होता. पंधरा दिवसांत त्यानं होतं नव्हतं ते संपवलं.

मी फेट्यासकट डीपीकडं पळालो. डीपी म्हणजे आळीचा ट्रान्सफॉर्मर, उसाच्या पलीकडं. तिथं कुणी नाही. हाका मारल्या, बांधावरून शोधलं, धापा टाकत परत आलो, तर तानाजी माझ्याच ओसरीवर बासुंदीची दुसरी वाटी घेऊन बसलेला. खिशात फ्यूज.

"आरं, धा मिन्टं म्हनलं हुतं न्हवं?"

"तेच टाकाय निघालो हुतो. पर तुमचं घरबी बंद दिसलं. म्हनलं, गुरुजींचा आजून काय प्रयोग चाललाय, मधी कशाला पडा."

लाईन आली तेव्हा दोन वाजून गेले होते. संतोषची गाडी वर निघून गेलेली. सारिका पाळण्याशी वाकली. पदरानं पोरीची तीट पुसली आणि आत गेली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी मी जेवलो नाही, आणि मला जेवा असं कुणी म्हटलंही नाही.

आठ दिवसांनी पोस्टवरून फोन आला. नुसता आवाज.

"आबा, बॅटरी झाली का चालू?"

"झाली रं. मिस्त्रीनं भरून दिली. पर तुझी लेक दावायची ऱ्हायली बग माझ्यामुळं."

"आता पोरगी दिसंल, मग दिसंल म्हनून मी फोटोला बोट तयारच ठिवलं हुतं. कॉल तुटताना एक फोटो घावला."

माझा जीव भांड्यात पडला. "मग पोस्टवरच्या पोरांना दावला का न्हाई?"

"दावला की. त्यात तुमीच हाय. फेटा, कात्री आन उघडं तोंड. पोरं म्हनली, सव्वा म्हैन्यात दात न्हाईत त्ये कळलं, पर मिशा कवा फुटल्या?"